पक्ष्याची शीट की पतंग? पुण्यात शोधायचा, टिपायचा आणि नोंदवायचा कसा

पावसाळा लागला की निसर्गप्रेमींच्या गटांवर एकाच तऱ्हेचे फोटो यायला लागतात. जास्वंदीच्या किंवा कर्दळीच्या पानावर बोटाच्या पेराहून लहान, काळं-पांढरं काहीतरी बसलेलं असतं. फोटो वरून, फ्लॅश मारून काढलेला असतो, त्यामुळे पांढरा भाग पार जळून गेलेला असतो. खाली एखाद्या युरोपीय किंवा अमेरिकी पतंगाचं नाव चिकटवलेलं असतं. पुढच्या दहा जणांत तेच नाव फिरतं. निम्म्या वेळा तो पतंगच नसतो, आणि उरलेल्या वेळा पतंग असूनही फोटोवरून काही ठरवता येत नाही.

पक्ष्याच्या शिटीचं सोंग घेणारे पतंग पुण्यात आहेत आणि ते सापडायला ताम्हिणीपर्यंत जावं लागत नाही. चूक होते ती क्रमात. माणसं आधी बोट लावतात, मग फोटो काढतात आणि सगळ्यात आधी नाव ठरवून मोकळी होतात. हा क्रम बरोबर उलटा करायचा आहे. खाली तो टप्प्याटप्प्याने दिला आहे.

टप्पा १ : कधी शोधायचं

पुण्यात जूनमधल्या पहिल्या दमदार पावसानंतर पंधरा-वीस दिवसांनी पतंगांची संख्या वाढू लागते आणि दिवाळीच्या सुमारास ओसरते. जुलै-ऑगस्टमध्ये सगळीकडे कोवळी पालवी असते, पण टेकड्यांवर वारा इतका असतो की रात्री पतंग बसावेत म्हणून दिव्यामागे बांधलेलं कापड टिकत नाही. माझ्या मते सप्टेंबर हा सगळ्यात सोयीचा महिना. वारा पडलेला, हवा दमट, गवत वाढलेलं आणि दोन सरींच्या मधे पुरेशी उघडीप. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर पतंग सप्ताह साजरा होतो. तेव्हा संकेतस्थळांवर चढवलेल्या नोंदी पाहणाऱ्या जाणकारांचं लक्ष नेहमीपेक्षा जास्त असतं, म्हणून नवख्यांनी तो आठवडाही धरावा.

रात्री दिवा लावणार असाल तर अमावास्येच्या आगेमागे लावा. लख्ख चांदण्यात दिव्याची ओढ कमी पडते. आभाळ गच्च भरलेलं असेल तर मात्र पौर्णिमेनेही फारसं बिघडत नाही. थंड, कोरडी, वाऱ्याची रात्र असेल तर घरीच बसा.

दिवसा शोधायचं असेल तर रात्री चांगला पाऊस पडून गेल्यानंतरची सकाळ गाठा. कारण साधं आहे : उघड्या पानावरची खरी शीट जोरदार सरीत धुऊन जाते किंवा निदान पसरते. धुतलेल्या पानावर सकाळी सातला एखादा ठसठशीत, कडा शाबूत असलेला काळा-पांढरा ठिपका दिसला, तर तो एकतर नुकताच पडलेला आहे किंवा तो पतंग आहे.

टप्पा २ : सामान, आणि एक धोक्याची ट्यूब

दिवसाच्या शोधासाठी फोन, लहान टॉर्च, पारदर्शक झाकणाची डबी, पोस्टकार्डाएवढा जाड कागद, सहा इंची पट्टी आणि वही एवढं पुरे. फोनला लावायची क्लिपची मॅक्रो भिंग असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही.

रात्रीसाठी वर एक पांढरं सुती कापड लागतं. जुनी चादर किंवा मांजरपाट चालतं. सिंथेटिक कापड नको. त्यावर पाय रोवता येत नाहीत आणि पतंग घसरत राहतात. दिवा अतिनील प्रकाश देणारा हवा. गच्चीवरचे साधे एलईडी बल्ब अतिनील प्रकाश जवळजवळ देतच नाहीत, म्हणून त्यांच्याखाली तासभर उभं राहूनही हाती चिलटंच लागतात. जुनी फ्लुरोसंट ट्यूब त्यामानाने बरी. ३६५ ते ३९५ नॅनोमीटरचे अतिनील एलईडी किंवा ब्लॅकलाइट ट्यूब हे योग्य साधन. तपकीर गल्लीत इलेक्ट्रिकचं सामान धुंडाळायची सवय असेल तर तिथे चौकशी करा, पण विचारताना आकडा सांगून विचारा.

*सावधान :* नुसतं ‘यूव्ही ट्यूब द्या’ म्हटलं की पाण्याच्या फिल्टरमधली किंवा निर्जंतुकीकरणाची २५४ नॅनोमीटरची ट्यूब हातात पडू शकते. ती पतंगांसाठी नाहीच, शिवाय उघडी लावली तर डोळे आणि कातडी भाजते. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग काही तासांनी सुरू होते, त्यामुळे लावल्या क्षणी धोका कळतही नाही. ट्यूबवर किंवा खोक्यावर तरंगलांबी छापलेली नसेल तर ती घेऊ नका. योग्य ट्यूब असली तरी तिच्याकडे एकटक पाहत बसू नये.

टप्पा ३ : दिवसाची शोधाशोध

हे पतंग दिवसा सालीच्या फटीत लपत नाहीत. पानाच्या वरच्या बाजूला, उघड्यावर बसतात. त्यांचं सगळं सोंगच त्यावर उभं आहे. पक्षी खाण्याजोगी वस्तू शोधत असतो, आणि आपली किंवा दुसऱ्याची शीट ही त्याच्या लेखी खाण्याजोगी नाही. त्यामुळे पानं उलटीपालटी करण्यात वेळ घालवू नका. गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीवरची रुंद, आडवी, गुळगुळीत पानं बघत चला : कर्दळ, जास्वंद, तुती, अडुळसा, करंजाची खालची फूट, कुंपणावर चढलेली गुळवेल.

कुठे फिरायचं? सोसायटीची बाग आणि रिकामे प्लॉट यांपासून सुरुवात करा. रिकाम्या प्लॉटवर पेटारी (काही जण हिला मुद्रा म्हणतात) आणि चिकणा उगवलेले असतील तर तिथे जास्त वेळ द्या. शिटीसारख्या दिसणाऱ्या पतंगांपैकी अकॉन्शिया प्रजातीच्या (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत जीनस) बऱ्याच जातींच्या अळ्या भेंडी-जास्वंदीच्या कुळातल्या अशा झुडपांवर वाढतात. माळी ‘तण’ म्हणून जे उपटून टाकतो, तेच इथे कामाचं असतं. पाषाण तलावाची कडेची झाडी, तळजाई, वेताळ टेकडीच्या पायवाटांची कड या पुढच्या पायऱ्या. टेकड्यांवर गिरिपुष्पाच्या एकसुरी लागवडीत फारसं काही मिळत नाही. झुडपांचे मिश्र पट्टे पाहा.

चाल हळू ठेवा. एका झुडपासमोर दोन मिनिटं उभं राहून वरून खाली नजर फिरवायची, मग पुढे. सकाळी सात ते नऊ ही वेळ बरी. अकॉन्शियातल्या अनेक जाती ऊन चढलं की दिवसाही उडतात आणि चाहूल लागताच पुढच्या झुडपात जातात. मग त्यांचा पाठलाग करणं म्हणजे निव्वळ घाम गाळणं.

*सावधान :* गवतात हात घालण्याआधी काठी फिरवा आणि पायात बूट असू द्या. पुण्याच्या टेकड्यांवर आणि रिकाम्या प्लॉटांवर घोणस आहे, आणि तीही आपल्या पाचोळ्याच्या सोंगात पटाईत असते.

टप्पा ४ : हात न लावता खात्री

संशयास्पद ठिपका दिसला की जागेवर थांबा. दोन हातांवरून पुढच्या गोष्टी याच क्रमाने पाहा.

पहिली : वर काय आहे? खरी शीट वरून पडते, त्यामुळे बरोबर वर फांदी, तार, कठडा असं बसायचं ठिकाण असतं आणि आजूबाजूच्या पानांवर, जमिनीवर आणखी शिंतोडे असतात. वर मोकळं आभाळ आणि शेजारची सगळी पानं स्वच्छ असतील तर संशय वाढवा.

दुसरी, आणि सगळ्यात भरवशाची : डावी-उजवी बाजू जुळते का? मधोमध एक काल्पनिक रेघ ओढा. पतंगाच्या एका पंखावरचा प्रत्येक डाग दुसऱ्या पंखावर त्याच जागी असतो. पडून फुटलेल्या शिटीला इतकं नेटकं जुळणं साधत नाही. फक्त एक गोची आहे. पंख छपरासारखे उतरते धरून बसलेला पतंग तिरक्या कोनातून पाहिला तर एकच बाजू दिसते आणि जुळणी कळत नाही. म्हणून डोकं हलवून दुसऱ्या बाजूने पाहा. पान हलवू नका.

तिसरी : कडा. शिटीचा पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल. तो पातळ असतो, पानाच्या उतारावर ओघळतो, वाळला की खडूसारखा भेगाळतो. काळपट भागात फळांच्या बिया किंवा किड्यांच्या कवचाचे तुकडे दिसतात. पतंगाची कड पानाला चिकटलेली नसते. टॉर्च पानाला जवळजवळ समांतर धरलात की पंखाखाली सावलीची एक बारीक रेघ उमटते. टॉर्चचा उजेड क्षणभरच टाका.

चौथी : पाहुणे. ठिपक्यावर माशी बसून सोंड टेकत असेल किंवा मुंग्या कुरतडत असतील तर बहुतेक ती शीटच.

*तपासा :* चारही प्रश्न झाल्यावरही ठरत नसेल तर काडीने टोचू नका, फुंकर मारू नका, पाणी शिंपडू नका. टप्पा ६ मधला पहिला फोटो काढा आणि रात्र कोरडी गेली तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पानाशी परत या. पतंग रात्री निघून जातो. शीट तिथेच वाळत बसते. एवढी साधी चाचणी कुणी करत नाही, कारण तिला धीर लागतो.

टप्पा ५ : रात्रीचा दिवा

गच्ची, अंगण किंवा फार्महाउसचा ओटा या सुरुवातीला योग्य जागा. टेकड्यांवर अंधारात परवानगीशिवाय जाऊ नका. बराचसा भाग वनखात्याच्या ताब्यात आहे, ये-जा करण्याच्या वेळा ठरलेल्या आहेत, आणि शहराच्या कडेला बिबट्याचा वावर असतो. ताम्हिणी हे तर अभयारण्य आहे. तिथे रात्री दिवा लावणं किंवा पतंग पकडणं लेखी परवानगीशिवाय करायचंच नाही. सोसायटीत लावणार असाल तर वॉचमनला आणि वरच्या मजल्यावर आधी सांगा. जांभळा उजेड आणि खाली चादर पाहून लोकांच्या मनात काय येईल ते सांगता येत नाही. ‘पतंगनिरीक्षण चालू आहे, दिवा मालवू नये’ अशी पाटी लावलीत तरी पुण्यात कुणी वावगं मानणार नाही.

मांडणी अशी :

१. आडोसा शोधा. वारा भिंतीने अडेल अशा बाजूला कापड बांधा. समोर झाडी असावी, रस्त्याचा दिवा नसावा.

२. कापडाची खालची कड हातभर जमिनीवर पसरू द्या. बरेच पतंग कापडाच्या मधोमध न येता पायथ्याशी उतरतात.

३. दिवा कापडापासून वीतभर पुढे, खांद्याच्या उंचीवर टांगा. वायरचे सांधे उघड्यावर आणि ओल्या जमिनीवर ठेवू नका. पावसाची चिन्हं असतील तर पॉवर बँकवर चालणारे अतिनील एलईडी सगळ्यात निर्धोक.

४. अंधार पडताच सुरू करा. साधारण साडेसात ते साडेदहा या वेळात पुरेसं पाहायला मिळतं.

५. दर वीस मिनिटांनी कापड सोडून आजूबाजूची पानं, कुंड्या, भिंत टॉर्चने पाहा.

शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात. शिटीचं सोंग घेणारा पतंग पांढऱ्या कापडावर बसला की त्याचं सोंग दिसतच नाही, आणि उजेडाने बिथरलेला असल्याने तो पंखही नीट मिटत नाही. तोच पतंग दोन हातांवरच्या अळूच्या पानावर उतरला तर त्याची बसण्याची मूळ ढब मिळते. ओळख पटवायला ती ढब कापडावरच्या पाच फोटोंपेक्षा उपयोगी पडते.

*सावधान :* पावसाळ्यात दिव्यावर पेडेरस नावाचे नारिंगी-काळे, मुंगीसारखे लांबट भुंगे येतात. ते चावत नाहीत, पण अंगावर चिरडले गेले तर त्यांच्या रसाने कातडीवर चट्टा उठून फोड येतात. अंगावर बसला तर चापट मारू नका. कागदाने उचलून टाका, ती जागा साबणाने धुवा आणि डोळ्यांना हात लावू नका. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

आवरताना आधी दिवा बंद करा, मग दहा मिनिटं थांबा, मग कापड झुडपांवर हलकेच झटका. पायाखाली पाहूनच वावरा. कापड रात्रभर तसंच ठेवलं तर पहाटे बुलबुल, दयाळ आणि कोतवाल तिथे न्याहारीला येतात. एकदा जागा कळली की रोज येतात. रात्री पाली तर असतातच.

टप्पा ६ : फोटोंचा क्रम

इथे सगळ्यात जास्त नोंदी वाया जातात, म्हणून जरा सविस्तर.

पहिला फोटो लांबून. पतंग जसा दिसला तसा, पान आणि झाड ओळखू येईल इतकं अंतर ठेवून. हा फोटो सुंदर येणार नाही, पण पतंग उडाला तरी ‘कुठल्या झाडावर, कसा बसला होता’ ही माहिती हाती राहते. लोक थेट नाकापाशी फोन नेतात आणि पानासकट पतंग गमावतात.

दुसरा सरळ वरून. फोनची पाठ पतंगाच्या पंखांना समांतर हवी, नाहीतर अर्धा पतंग अस्पष्ट येतो.

तिसरा अगदी बाजूने, पानाच्या पातळीवर उतरून. वरून घेतलेल्या फोटोत पतंग शिटीसारखाच दिसणार, त्याचा तोच तर उद्योग आहे. बाजूने मात्र पाय, मिटलेल्या मिशा, डोळा आणि पंखांचा उतार एकदम दिसतो. फक्त दोनच फोटो मिळणार असतील तर पहिला आणि हा घ्या.

चौथा समोरून, तोंडाचा. तोंडापुढे आलेले स्पर्शक (मिशा नव्हेत, इंग्रजीत पॅल्प) लांब आहेत की आखूड, वर वळलेले की सरळ, यावरून कुळ ठरवायला मदत होते.

पाचवा पट्टीसह. हा शेवटी, कारण पट्टी जवळ नेली की पतंग उडण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

आता उजेडाचं. फोनचा कॅमेरा हिरव्या पानांचा अंदाज घेऊन उजेड वाढवतो आणि पंखांचा पांढरा भाग कोरा होतो. त्या पांढऱ्यातच राखाडी, निळसर, पिवळट छटांच्या रेघा असतात आणि जातीजातींतला फरक बहुतेक त्यांतच दडलेला असतो. म्हणून पडद्यावर पतंगावर बोट दाबून धरा, फोकस पक्का झाला की बोट खाली ओढून उजेड कमी करा. फोटो थोडा काळपट वाटला तरी हरकत नाही. काळपट फोटो नंतर उजळता येतो, जळलेला पांढरा रंग परत आणता येत नाही. फ्लॅश बंद. रात्री एका बाजूने टॉर्च धरून तिच्यापुढे पातळ कागद धरा.

फार जवळ गेलात की बरेच फोन आपणहून रुंद कोनाच्या भिंगावर जातात आणि फोनचीच सावली पतंगावर पडते. त्यापेक्षा वीतभर अंतरावरून दुप्पट मोठं करून घ्या आणि नंतर कापा.

*तपासा :* जागा सोडण्यापूर्वी फोटो मोठे करून पाहा. मिशी किंवा एक तरी पाय स्पष्ट दिसतो का? पांढऱ्या भागात काही नक्षी उरली आहे का? नसेल तर पुन्हा घ्या.

टप्पा ७ : मोजमाप आणि डबी

पुढच्या पंखाची लांबी, म्हणजे खांद्यापासून टोकापर्यंत, मिलिमीटरमध्ये लिहा. ‘नखाएवढा’, ‘मध्यम’ याला अर्थ नाही. पंख पसरून मोजण्याचा खटाटोप जिवंत पतंगावर करायचा नाही.

डबी फक्त खालची बाजू पाहायची असेल तरच वापरा. पतंगावर डबी अलगद टेकवा, खालून जाड कागद सरकवा, कागदासकट उचला. डबीच्या पारदर्शक भिंतीवर तो बसला की खालून फोटो घ्या. बोटांच्या चिमटीत पंख धरू नका. बोटाला लागते ती पावडर म्हणजे त्याचे खवले, आणि नक्षी त्या खवल्यांचीच असते. डबी उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. काम झालं की त्याच झाडाशी, सावलीत, पानावर कागद टेकवून सोडा. हवेत उडवून दिलेला पतंग दिवसा थेट कोतवालाच्या चोचीत जातो.

टप्पा ८ : इतर सोंगाडे वगळा

नाव शोधण्याआधी ही वगळणी करायची. शिटीचं सोंग घेणारे जीव अनेक गटांत आहेत.

सगळ्यात जास्त फसवतो तो लिंबाच्या झाडावरचा सुरवंट. लिंबू, कढीपत्ता किंवा बेल यांच्या पानावर काळपट-तपकिरी, मधे पांढरा पट्टा असलेला, ओलसर चकाकणारा गोळा दिसला तर तो बहुधा पॅपिलिओ गटातल्या फुलपाखराची लहान अळी असते. आपलं राज्य फुलपाखरू, ब्लू मॉरमॉन, याच गटातलं. या अळ्या लहानपणी शिटीसारख्या आणि शेवटच्या अवस्थेत हिरव्या होतात. बाजूने पाहिलं की लांबट शरीर आणि खालचे आखूड, जाड पाय दिसतात, पंख नसतात. डिवचलं तर डोक्यामागून दुभागलेला, वास मारणारा अवयव बाहेर येतो, पण तेवढ्यासाठी डिवचू नका. कुंडीतल्या कढीपत्त्यावरचे ‘पतंग’ निम्म्याहून अधिक वेळा हेच निघतात.

दुसरा कोळी. फ्रायनाराक्नी प्रजातीचे खेकडा-कोळी पाय पोटाशी घेऊन पानावर बसतात, अंग खडबडीत आणि ओलसर दिसतं. काही जाती पानावर पांढऱ्या तंतूंचा पातळ थर घालतात, तो ओघळासारखा दिसतो. जवळून पाहिलं तर पुढचे जाड पाय मोजता येतात. जाळं विणणाऱ्यांपैकी सिर्टाराक्नी प्रजातीचे गोल, चकचकीत कोळीही असंच फसवतात. त्याच पानावर तोच ‘पतंग’ दिवसच्या दिवस दिसत राहिला तर कोळ्याचा संशय घ्या.

काही भुंगे आणि सोंडकिडेही काळे-पांढरे असतात. पाठीवर मधोमध सरळ शिवण दिसली आणि पाठ कडक असली की ते बाद.

टप्पा ९ : नाव लावणं

क्रम असा : आधी कुळ, मग प्रजाती, आणि जात जमली तरच.

पंख छपरासारखे उतरते, अंग आटोपशीर, पुढचा भाग पांढरट आणि मागचा गडद किंवा चितकबरा : नॉक्टुइडी कुळ पाहा, त्यातही अकॉन्शिया आणि तिच्या जवळच्या प्रजाती. हा वर्णनाचा साचा आहे, ओळख नव्हे. अकॉन्शियातल्याच क्रोकाटासारख्या जाती पिवळ्या असतात. मार्मोरॅलिस आणि ओपॅलिनॉइडीस या जाती भारतात नोंदलेल्या आहेत, पण त्यांची नावं लावताना नक्षी रेघेरेघेने ताडून पाहा.

पंख पानावर सपाट पसरलेले, अंग बारीक, पांढऱ्यावर करडे गोल डाग : जिऑमेट्रिडी कुळ, तिथे प्रॉब्लेप्सिसपासून सुरुवात करा. एकदम लहान, पंख मिटल्यावर घंटेसारखा आकार, तोंडापुढे छोटी चोच आल्यासारखी : टॉर्ट्रिसिडी. या शेवटच्या कुळात फोटोवरून जात ठरवण्याचा हट्ट सोडलेला बरा. बऱ्याच जाती जननेंद्रियांची तपासणी केल्याशिवाय वेगळ्या करता येत नाहीत आणि ते काम प्रयोगशाळेचं आहे.

आता ती चुकीची नावं. ‘चायनीज कॅरेक्टर’ म्हणजे सायलिक्स ग्लॉकाटा हा युरोपातला पतंग. इंग्रजीत शोधलं की पहिला तो येतो म्हणून पुण्याच्या फोटोखाली त्याचं नाव पडतं. पोनोमेशिया एरॅस्ट्रिऑइडीस उत्तर अमेरिकेतला. आणि शिटीवर दोन माश्या बसल्यासारखी पंखांवरची नक्षी असलेला जो फोटो दर पावसाळ्यात फिरतो, तो मॅक्रोसायलिक्स माया. तो ईशान्य भारतात आणि पुढे पूर्व व आग्नेय आशियात मिळतो, कोथरूडच्या गच्चीवर नाही.

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपने सुचवलेलं पहिलं नाव स्वीकारण्याआधी त्या जातीच्या नोंदींचा नकाशा उघडा. पश्चिम भारतात एकही ठिपका नसेल तर नाव मागे घ्या. मग ‘मॉथ्स ऑफ इंडिया’ या संकेतस्थळावर प्रजातीची पानं उघडून फोटो शेजारी-शेजारी ठेवा. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ हॅम्पसनचे १८९२ ते १८९६ मधले ब्रिटिश भारताच्या पतंगांवरचे चार खंड मोफत वाचायला मिळतात आणि वर्णनं आजही कामाला येतात, पण त्यातली बरीच नावं आता बदलली आहेत. तिथलं नाव थेट उचलू नका.

*तपासा :* ‘हे नाव मी का लावलं?’ याचं उत्तर अंगावरच्या दोन खुणांत देता येतं का? ‘ॲप म्हणालं’ ही खूण नव्हे. देता येत नसेल तर एक पायरी वर थांबा. प्रजातीपर्यंतची बरोबर नोंद जातीपर्यंतच्या चुकीच्या नोंदीपेक्षा कामाची असते.

टप्पा १० : नोंद चढवणं

आयनॅचरलिस्टवर चढवताना मूळ फोटो वापरा. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून आलेल्या प्रतीतून तारीख, वेळ आणि ठिकाण गळून जातं, शिवाय फोटो दाबून लहान केलेला असतो. मित्राकडून मागवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. मग तारीख आणि जागा हाताने पुन्हा एकदा पडताळा. रात्री बारानंतरच्या फोटोंत आणि दुसऱ्या दिवशी घरून चढवलेल्या फोटोंत हमखास घोळ होतो. सिंहगडाच्या पायथ्याचा पतंग मग कर्वेनगरच्या नकाशावर बसतो.

एका पतंगाचे सगळे फोटो एका नोंदीत. दोन वेगळे पतंग एका नोंदीत घालू नका, सारखे दिसत असले तरी. रानटी पतंग दिव्यावर आला म्हणून ‘पाळीव’ची खूण करायची नसते. जागा घराची असेल तर नकाशावरचं ठिकाण धूसर ठेवण्याची सोय आहे, ती वापरा. ‘पुणे’ एवढंच लिहून मोठं वर्तुळ टाकण्यापेक्षा ते बरं.

टिपणात चार गोष्टी लिहा : पानावर दिवसा की दिव्यावर रात्री, झाड कुठलं, पंखाची लांबी, आदल्या रात्री पाऊस होता की नाही. झाडाचं नाव येत नसेल तर त्याच्या पानाचा वेगळा फोटो जोडा. पेटारीवर बसलेला आणि ट्यूबलाइटवर आलेला, या दोन नोंदी जाणकाराच्या दृष्टीने सारख्या नसतात.

नोंद ‘रिसर्च ग्रेड’, म्हणजे अभ्यासाला वापरण्याजोगी, व्हायला किमान दोघांची ओळख जुळावी लागते आणि ओळखणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जण सहमत असावे लागतात. म्हणून ओळखीच्या मित्राला फोन करून ‘ॲग्री’ दाबायला लावायची पद्धत पडली आहे. ती बंद करा. मित्राने पतंग पाहिलेला नसतो आणि खुणा तपासलेल्या नसतात. कुणी जाणकाराने तुमचं नाव खोडून फक्त कुळ लिहिलं तर वाद घालण्याआधी बाजूचा फोटो चढवला होता का ते पाहा. बहुतेक वेळा तोच राहिलेला असतो.